पाण्यातले वीस दिवस : ज्यूटच्या वाखाची प्रत आणि पेक्टिन विरघळवणारे जीवाणू

कीटकशास्त्र शिकलेल्या व्यक्तीने ज्यूटच्या कुजवणीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. खरे तर या विषयाकडे मला एका किडीनेच नेले. ज्यूटच्या खोडावर एपिऑन कॉर्कोराय नावाचा काळा, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा सोंडकिडा आढळतो. मादी आपल्या सोंडेने पानाच्या देठाजवळची साल टोकरते आणि त्या खाचेत अंडे घालते. अळी सालीखाली पोखरत जाते. इजा झालेल्या जागी झाड चिकट स्राव सोडते. तो तेथेच घट्ट होतो आणि आजूबाजूचे धागे एकमेकांना जखडून टाकतो. उभ्या पिकात हे नुकसान सहसा डोळ्यांत भरत नाही. पीक कापून, पाण्यात कुजवून, धुऊन, वाळवून झाल्यावर मात्र हातभर सरळ, चकचकीत धाग्यानंतर एक काळपट गाठ बोटाला लागते, आणि त्या गाठीपायी अख्ख्या जुडीची प्रत घसरते.

कोलकात्याच्या उत्तरेला, नदिया जिल्ह्यातल्या एका अंगणात मी अशाच गाठी मोजत बसले होते. वाखाच्या जुड्या बांबूवर वाळत घातल्या होत्या. घरातले वयस्क गृहस्थ थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दीदी, बाकी सगळे पाण्याने सोडवले, मग एवढीच गाठ का नाही सोडवली?" मी पटकन उत्तर दिले, "पाण्याने नाही, पाण्यातल्या जीवाणूंनी सोडवले." उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. जीवाणूंनी बाकीचे सोडवले ते कशाच्या साहाय्याने, आणि धागा मात्र शाबूत का ठेवला, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणार नव्हते. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून झाला आहे.

नावाचा घोळ

प्रथम शब्दांविषयी. मराठी भूगोलाच्या पुस्तकात आपण 'पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरण्या' असे वाचतो आणि शेतात 'ताग गाडला' असे म्हणतो. ही दोन वेगळी पिके आहेत. आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग शेंगवर्गीय असून त्याला पिवळी फुले येतात. बंगालचा ताग म्हणजे ज्यूट. तेथे त्याला 'पाट' म्हणतात. त्याच्या लागवडीखाली दोन जाती आहेत : देशी किंवा पांढरा पाट आणि तोषा पाट. तिसरे पीक आपली अंबाडी. ती भेंडीच्या कुळातली. या लेखात 'ताग' हा शब्द आपल्या शेतातल्या तागासाठीच वापरला आहे आणि बंगालच्या पिकाला सरळ ज्यूट म्हटले आहे. तिन्हींच्या सालीतून निघणाऱ्या धाग्याला मराठीत एकच सुंदर शब्द आहे : वाख. तो शब्द आज पन्नाशीच्या आतल्या किती शेतकऱ्यांना माहीत असेल, कोण जाणे.

ज्यूट आणि कोलकाता यांचे नाते जुने आहे. १८५५ मध्ये हुगळीकाठच्या रिश्रा येथे ज्यूटची पहिली सूतगिरणी उभी राहिली. तोवर येथला कच्चा माल स्कॉटलंडमधील डंडीला जात असे. १९४७ च्या फाळणीत गिरण्या हुगळीकाठी राहिल्या आणि ज्यूट पिकवणारा बहुतेक प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला. त्यानंतर भारतातच ज्यूट वाढवण्याची निकड निर्माण झाली आणि १९५३ पासून कोलकात्याजवळच्या बराकपूर येथे ज्यूटच्या शेतीसंशोधनाचे केंद्र रुजले. तीच आजची केंद्रीय ज्यूट व समवर्गीय तंतू संशोधन संस्था. धाग्याच्या तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा त्याआधीच, १९३९ मध्ये, टॉलीगंज भागात सुरू झाली होती. मुंबईत माटुंग्याला कापसासाठी १९२४ मध्ये प्रयोगशाळा निघाली, तिची ही धाकटी बहीण म्हणता येईल. आज देशातल्या कच्च्या ज्यूटपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ज्यूट एकट्या पश्चिम बंगालमध्ये पिकते. महाराष्ट्राचा याच्याशी संबंध बारदानापुरता असला, तरी तो लहान नाही. १९८७ च्या ज्यूट पॅकेजिंग कायद्यान्वये अन्नधान्य ज्यूटच्या गोणीत भरणे बंधनकारक करण्यात आले आणि साखरेचाही २० टक्के भाग तीत भरण्याचा दंडक आला. त्यामुळे साखर कारखान्यांच्या हिशेबात हे पीक दरवर्षी डोकावतेच.

मोळी पाण्यात बुडाल्यावर

ज्यूट साधारण ११० ते १२० दिवसांत कापणीला येते. कापलेल्या मोळ्या तीन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवतात, म्हणजे पाने गळून जमिनीत जातात. मग मोळ्यांचे बुडखे दोन-तीन दिवस पाण्यात उभे ठेवतात, कारण बुडख्याची साल जाड असते व ती शेंड्यापेक्षा उशिरा कुजते. त्यानंतर मोळ्या आडव्या रचून पाण्यात बुडवतात. या रचलेल्या थराला बंगालीत 'जाक' म्हणतात. जाक पाण्याच्या पृष्ठभागाखाली किमान वीतभर राहिली पाहिजे, आणि तळाच्या चिखलालाही टेकता कामा नये.

ज्यूटच्या सालीत धागे सुटे नसतात. धाग्यांचे पुंजके पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकांना आणि आतल्या काष्ठाला चिकटलेले असतात. पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारा पदार्थ तोच. खुद्द धाग्यात सुमारे ६० टक्के सेल्युलोज, वीस-बावीस टक्के हेमिसेल्युलोज आणि बारा-तेरा टक्के लिग्निन असते. कुजवणे म्हणजे पेक्टिन काढून टाकणे आणि सेल्युलोजला धक्का लागू न देणे. डिंकाने चिकटवलेली पोथी पाने न फाडता सुटी करावी, तसे हे काम आहे.

पाण्यात बुडालेली काडी प्रथम फुगते, सालीची बाह्यत्वचा फाटते आणि आतली साखर, टॅनिन, क्षार पाण्यात उतरू लागतात. एक-दोन दिवसांत पाणी तांबूस होते. ही साखर म्हणजे जीवाणूंना मिळालेले आमंत्रणच. सुरुवातीला हवा लागणारे जीवाणू, विशेषतः बॅसिलस गटातले, झपाट्याने वाढतात. ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मग हवेविना जगणारे क्लॉस्ट्रिडियम गटातले जीवाणू ताबा घेतात. बुडबुडे येऊ लागतात, पाणी आंबते आणि ज्या वासाने परका माणूस नाक दाबतो तो वास सुटतो.

जीवाणूला पेक्टिनचा रेणू सबंध गिळता येत नाही. तो आपल्या शरीराबाहेर विकरे, म्हणजे एंझाइम, सोडतो. पॉलिगॅलॅक्टुरोनेज हे विकर पेक्टिनच्या लांब साखळीचे पाण्याच्या साहाय्याने तुकडे करते. पेक्टेट लायेज तेच काम दुसऱ्या रीतीने करते. झायलनेज हेमिसेल्युलोजच्या काही भागावर चालते. तुकडे लहान झाले की जीवाणू ते शोषून घेतो. आपण ज्याला कुजणे म्हणतो ते या विकरांचे काम आहे. पाणी केवळ माध्यम आहे. सोंडकिड्याच्या गाठीचे उत्तरही येथेच सापडते. तेथे घट्ट झालेला स्राव धाग्यांभोवती असा बसतो, की सालीच्या इतर भागावर चाललेली विकरे त्याला तितक्याच वेळात सोडवू शकत नाहीत. गाठ सुटेपर्यंत जाक पाण्यात ठेवली, तर तोवर बाकीचा चांगला धागा हातचा जातो.

कारण तळ्यात पेक्टिन खाणारेच जीवाणू असतात असे नाही. सेल्युलोज पचवणारेही असतात, आणि पेक्टिन संपत आले की ते धाग्यालाच हात घालतात. त्यामुळे दोन-तीन दिवस उशीर झाला तरी वाख मऊ पण कमकुवत निघतो. पिळला तर तुटतो. दोन-तीन दिवस घाई झाली तर साल चिकटून राहते, बुडख्याकडचा भाग राठ राहतो आणि गिरणीत तेवढा भाग कापून वेगळा काढावा लागतो. अनुभवी शेतकरी रोज एखादी काडी काढून अंगठा आणि बोट यांच्यात दाबतो. धागा काष्ठावरून अलगद सरकला की जाक काढायची. पारंपरिक पद्धतीत हा दिवस साधारण अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान येतो. पाणी ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर काम वेगाने होते. आश्विनात पाणी थंड होऊ लागले की लांबते.

चिखल, केळीचे खांब आणि काळा वाख

आदर्श स्थितीत ओल्या काडीच्या वजनाच्या वीसपट पाणी असावे, असे सांगितले जाते. एका हेक्टरची ओली काडी ४५-५० टन धरली, तर हे प्रमाण हजार घनमीटरच्या घरात जाते. इतके पाणी एका वेळी फार थोड्या शेतकऱ्यांकडे असते. २०२२ च्या जुलैत दक्षिण बंगालमध्ये पाऊस कमी झाला आणि कापलेले ज्यूट कुठे बुडवावे, असा प्रश्न अनेक गावांत उभा राहिला. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, गुडघाभर पाण्यात, एकावर एक थर रचून लोकांनी वेळ मारून नेली. त्यानंतर त्याच गढूळ पाण्यात दुसरी जाक, मग तिसरी.

जाक बुडवून ठेवण्यासाठी वजन हवे. सर्वांत सोपे वजन म्हणजे तळ्याचा चिखल आणि केळीचे खांब. येथेच प्रतीचा घात होतो. चिखलातले लोह आणि सालीतले व केळीच्या खांबातले टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो आणि तो धाग्यात बसतो. अशा सावळ्या वाखाला बंगालीत 'श्यामला' म्हणतात. नाव गोड आहे, भाव मात्र कमी. सिमेंटच्या फरश्या, विटा भरलेल्या पोत्यांसारखे मातीविरहित वजन, बांबूची चौकट, हे उपाय कितीतरी वर्षांपासून सांगितले जात आहेत. ते न करण्याचे कारण अज्ञान नसते, हे आपण विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे. चिखल फुकट आणि हाताशी असतो; फरशी विकत आणावी, वाहून न्यावी आणि हंगामानंतर सांभाळावी लागते.

एक जुनी आणि स्वस्त शिफारस मात्र मला फार आवडते. जाक रचताना मोळ्यांच्या थरांत काही ताग किंवा धैंचा घालावा. ही शेंगवर्गीय झाडे लवकर कुजतात, जीवाणूंना नत्र मिळते आणि ज्यूटचे कुजणे लवकर सुरू होते. आपल्या शेतातला ताग असा बंगालच्या 'तागा'च्या मदतीला जातो.

निवडलेले जीवाणू

बॅसिलस हे नाव कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटते ते अळ्या मारणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या रूपात; बीटी कापसाला त्याचेच नाव आहे. त्याचा एक भाऊबंद, बॅसिलस प्युमिलस, बराकपूरच्या संस्थेने कुजवणीसाठी निवडला. निवडीचा निकष मोलाचा होता. पेक्टिन आणि झायलन यांवर जोरकस काम करणारी, पण सेल्युलोजला हात न लावणारी वाणे हवी होती. अशी तीन वाणे एकत्र करून शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून एक चूर्ण तयार करण्यात आले. 'क्रिजाफ सोना' या नावाने ते शेतकऱ्यांना मिळते. कोलकात्यातील राष्ट्रीय नैसर्गिक तंतू अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेनेही, म्हणजे टॉलीगंजच्या त्या जुन्या प्रयोगशाळेनेही, 'निनफेट साथी' नावाचे चूर्ण याच कामासाठी तयार केले आहे.

वापर सोपा आहे. जाक रचताना प्रत्येक थरावर चूर्ण भुरभुरायचे. प्रमाण पाकिटावर दिलेले असते. पाणी साचलेले हवे, वाहत्या पाण्यात जीवाणू वाहून जातात. त्याच पाण्यात दुसरी जाक घातली तर चूर्ण निम्मे पुरते, कारण पहिल्या खेपेचे जीवाणू पाण्यात वाढलेले असतात. अठरा-एकवीस दिवसांचे काम बारा ते पंधरा दिवसांवर येते आणि वाखाची प्रत एक ते दोन पायऱ्यांनी वर जाते, असे संस्थेचे निष्कर्ष आहेत. २०१५ पासून राष्ट्रीय ज्यूट मंडळाच्या 'ज्यूट आय-केअर' कार्यक्रमातून सुधारित बियाणे, पेरणी यंत्र, कोळपी आणि हे चूर्ण अशी एकत्रित मदत शेतकऱ्यांना देण्यात येऊ लागली.

शहरातून पाहणाऱ्याला सहा-सात दिवसांची बचत किरकोळ वाटेल. बंगालच्या शेतकऱ्याला ज्यूटनंतर त्याच शेतात अमन भात लावायचा असतो. ज्या तळ्यात ज्यूट कुजते त्यातच त्याचे, त्याच्या भावाचे आणि शेजाऱ्याचे ज्यूट ओळीने थांबलेले असते. पहिली जाक सहा दिवस आधी निघाली तर शेवटची जाक पाणी थंड होण्याच्या आत पडते. दुसरा लाभ कोणी फारसा लिहीत नाही. वाख सोडवणारे लोक कमरेएवढ्या सडलेल्या पाण्यात उभे राहून, काड्या बडवून, मोडून, झटकून धागा ओढतात. कुजवण सगळ्या काडीत सारखी झालेली असेल तर हात कमी चालवावे लागतात आणि पाण्यातले तास कमी होतात. अंगाची खाज आणि पायांची कातडी याचा हिशेब प्रतीच्या तक्त्यात येत नाही.

तरीही चूर्णाच्या पाकिटावर सगळी भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकीच्या वयात कापलेले पीक, जाड-बारीक काड्यांची एकत्र बांधलेली मोळी, वर टाकलेला चिखल, पाण्याबाहेर राहिलेला थर, यांतले काहीही जीवाणू दुरुस्त करू शकत नाहीत. सोंडकिड्याच्या गाठीही नाहीत. शिवाय काम वेगाने होत असल्याने अंगठ्याची परीक्षा अधिक आधीपासून, दहाव्या दिवसापासूनच, सुरू करावी लागते. वाणे सेल्युलोज खात नाहीत हे खरे, पण तळ्यात मुळातच असलेले इतर जीवाणू खातात. चूर्ण टाकले म्हणून जुन्या सवयीने विसाव्या दिवशी जाक काढणारा शेतकरी फायद्याऐवजी तोटा पदरात घेतो.

पाण्याच्या प्रश्नावर संस्थेने सुचवलेला एक मार्ग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. शेताच्या एका कोपऱ्यात प्लास्टिक अंथरलेले लहान तळे करायचे, पावसाचे पाणी साठवायचे, त्यात चूर्ण घालून ज्यूट कुजवायचे, बांधावर केळी, पपई, भाजीपाला लावायचा आणि कुजवणीचा हंगाम वगळून त्याच पाण्यात मासे पाळायचे. आपल्या शेततळ्याचेच हे बंगाली रूप. मासे आणि कुजवण एकाच वेळी मात्र जमत नाहीत; कुजवण पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

प्रत वाढली, पण भाव?

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. कच्च्या ज्यूटची प्रत ताकद, बुडख्याच्या राठ भागाचे प्रमाण, दोष, रंग, बारीकपणा आणि घनता यांवरून ठरते. पूर्वी तोषाच्या आठ प्रती होत्या. २०२० च्या सुधारित मानकानुसार त्या पाच झाल्या. हमीभाव टीडी-३ या मधल्या प्रतीसाठी जाहीर होतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ५,३३५ रुपये होता आणि २०२५-२६ साठी ५,६५० रुपये. प्रत वर गेली तर भाव वर जावा, अशी ही रचना आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेले भारतीय ज्यूट महामंडळ आपल्या खरेदी केंद्रांवर प्रत पाहून खरेदी करते.

परंतु बराचसा माल त्या केंद्रांपर्यंत जातच नाही. गावात येणारा लहान व्यापारी, ज्याला तेथे 'फडिया' म्हणतात, तो अंगणात येऊन, ढीग हलवून, सरासरीने एक भाव सांगतो. शेतकऱ्याला पूजेच्या आधी पैसे हवे असतात. चूर्णाने सुधारलेला सोनेरी वाख आणि शेजाऱ्याचा सावळा वाख एकाच हातगाडीवर चढतो. असे होत राहिले तर पुढच्या वर्षी फरशी विकत आणण्याचे, दहाव्या दिवसापासून रोज काडी तपासण्याचे कष्ट कोण घेईल? म्हणून चूर्णाचे प्रात्यक्षिक घेणाऱ्या कार्यकर्त्याने प्रतवारीचे प्रात्यक्षिकही त्याच गावात घ्यावे. शेतकऱ्याला स्वतःच्या वाखाची प्रत स्वतः सांगता आली, तर सौद्यात त्याला निदान दोन शब्द बोलता येतात. बुडख्याकडचा राठ भाग, गाठी आणि डाग पाहायला यंत्र लागत नाही.

तंबाखूच्या थप्पीतले जीवाणू

कूचबिहार जिल्ह्यात ज्यूटप्रमाणे तंबाखूही पिकते. दिनहाटा येथे तंबाखू संशोधनाचे केंद्र आहे. निपाणी, कोल्हापूर भागातल्या वाचकांना तंबाखूची पाने मुरवणे नवीन नाही. सिगारची पाने थप्पी लावून आंबवतात तेव्हा थप्पीच्या आतली उष्णता ५० अंशांच्या आसपास जाते, आणि ती फार वाढू नये म्हणून थप्पी उलटीपालटी करावी लागते. तेथेही काम विकरांचेच. अमायलेज पिष्टाची साखर करते, प्रोटिएज प्रथिने तोडते, पेक्टिनेज पान मऊ करते. पानाचा झोंबरेपणा कमी होतो आणि वास खुलतो. निवडक बॅसिलस किंवा तयार विकरे पानांवर फवारून हे काम लवकर साधण्यावर, विशेषतः चीनमध्ये, बरेच संशोधन झाले आहे.

परंतु त्याच थप्पीत दुसरे जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि नायट्राइट तंबाखूतल्या अल्कलॉइडांशी संयोग पावून एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइने तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. स्वीडनमध्ये तोंडात धरायच्या तंबाखूला उष्णता देऊन जीवाणूच मारतात, ते याच कारणाने. चव सुधारली म्हणून पान निरुपद्रवी होत नाही. विकरांनी निकोटीनचा अंश घटवला तरीही नाही. ज्यूट आणि तंबाखू यांतला फरक मला येथे दिसतो. ज्यूटमध्ये चुकीचा जीवाणू वाढला तर धागा तुटतो आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. तंबाखूत चुकीचा जीवाणू वाढला तर ते पानाकडे पाहून कळतही नाही. जीवाणूखताच्या दुकानात 'आंबवण लवकर होईल' असे सांगून कोणतेही कल्चर कोणी तंबाखूवर मारायला दिले, तर नायट्रेटचे काय होते हा प्रश्न आधी विचारावा.

आपल्या अंबाडीसाठी

मराठवाडा, विदर्भ, खानदेशात अंबाडी अजून ज्वारी-कापसाच्या कडेने दिसते. पोळ्याला बैलांची नवी वेसण, कासरा, दावे अंबाडीच्या वाखाचे असत. नायलॉनने ते दिवस संपवले. भाजीसाठी अंबाडी राहिली, वाखाचे ज्ञान गेले. ज्यांनी कुजवली त्यांनीही बहुधा बी धरल्यानंतर, काडी पार कडक झाल्यावर ओढ्यात टाकली. त्यामुळे 'अंबाडीचा वाख राठच' असा समज रूढ झाला. धाग्यासाठी अंबाडी फुलोऱ्याच्या सुमारास कापावी. बी हवे असेल तर काही ओळी वेगळ्या राखाव्यात.

सजावटीच्या वस्तू, पिशव्या, दोर, रोपांच्या कुंड्या यांसाठी वाख विकत घेणारे महिला गट असतील अशा ठिकाणी अंबाडीचा एक लहान प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. बॅसिलसचे हे मिश्रण ज्यूटबरोबर अंबाडीसाठीही शिफारस केलेले आहे. शेततळ्यात मात्र हे करू नये. पिण्याचे, जनावरांचे किंवा माशांचे पाणी असेल तेथे तर मुळीच नाही. प्लास्टिक अंथरलेला एक वेगळा खड्डा पुरेसा होतो, आणि कुजवणीनंतरचे पाणी पिकाला देता येते. आपल्या तागावर प्रयोग करायचा झाल्यास अधिक सावध राहावे. तो ज्यूटपेक्षा फार लवकर, काही दिवसांतच, कुजतो आणि एका दिवसाच्या हलगर्जीने हातातून जातो. केळीच्या खोडाचा धागा यंत्राने काढतात, त्याला चिकटून राहणारा गर हेही पेक्टिनेजचेच काम आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अंबाडीचा प्रयोग करताना खड्ड्याचे दोन भाग करावेत, एकात चूर्ण आणि दुसऱ्यात नुसते पाणी. दोन्हींत सारख्या जाडीच्या, एकाच दिवशी कापलेल्या मोळ्या घालाव्यात, वजनासाठी विटांची पोती ठेवावीत आणि मातीचा स्पर्श होऊ देऊ नये. आठव्या दिवसापासून रोज सकाळी दोन्हींतली एकेक काडी, बुडखा आणि शेंडा दोन्हीकडे, बोटांनी तपासून वहीत नोंद करावी. वाख धुऊन, सावलीच्या कडेने वाळवून, दोन्ही जुड्यांना तारखेची चिठ्ठी बांधावी. मग गावात अजून दोर वळणारे कोणी वयस्क कारागीर असतील, तर त्या जुड्या त्यांच्याकडे घेऊन जाव्यात आणि कोणती पीळ धरते ते विचारावे.